कोलू पाटलाचे स्मारक

गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देवलगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. तेथे उतरून नवेगावकडे वळले की प्रथम धानाच्या बांध्या लागतात, मग जंगलाची कड, आणि मग एकाएकी डोंगरांच्या कुशीत पसरलेले असे पाणी दिसते की नवख्या माणसाने त्यास निसर्गनिर्मित सरोवरच समजावे. पुष्कळांची तशी समजूत होतेही. परंतु हे पाणी देवाने भरलेले नाही. ते माणसाने अडविलेले आहे. दोन टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळीने बुजवून हा तलाव केलेला आहे, आणि म्हणूनच गावाच्या नावास ‘बांध’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. जुन्या सरकारी नोंदींत त्याचे क्षेत्र सुमारे 5 चौरस मैल व घेर 17 मैल असा दिलेला आढळतो. भोवतालच्या डोंगरांस लोक ‘सातबहिणी’ म्हणतात, आणि त्यांतीलच एका शिखरावर कोलासुर देवाचे ठाणे आहे.

हा कोलासुर पुराणातला नव्हे. हा कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने हा बांध घातला अशी परंपरा आहे व जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही ती नमूद केली आहे. म्हणजे ज्यास आज आपण पाटबंधारे खात्याचा कार्यकारी अभियंता म्हटले असते, त्यास त्याच्या गावकऱ्यांनी मरणोत्तर देव करून टाकले. आमच्या माहितीत महाराष्ट्रात राजे देव झाले, संत देव झाले, रणांगणी पडलेले वीर तर गावोगावी वीरगळांवर बसलेच आहेत. परंतु पाणी अडविणारा माणूस आपल्या कामावर नजर ठेवीत डोंगरमाथ्यावर बसला आहे, असे उदाहरण विरळा.

वसंतातील व्याख्यानमालांतून इतिहासाचा विषय म्हटला की लढाया, तह, वाडे आणि घराणी यांचीच आठवण होते. श्रोत्यांस ते आवडते व वक्त्यांस ते सोपे जाते. झाडीपट्टीतील एका मातीच्या पाळीचा इतिहास सांगू म्हटले, तर त्यात ना तलवार ना खलिता. तरीपण आम्ही हा विषय घेतला आहे, कारण पाणी आणणाऱ्याचा मान कसा राखावा, आणि मान राखताना हिशेब विसरावा की काय, हा प्रश्न या पाळीवर उभे राहिले असता जितका स्पष्ट दिसतो तितका ग्रंथालयात दिसत नाही.

कोलू पाटलाविषयी ठाम असे किती सांगता येते? नाव, जात, गाव आणि काम. इतकेच. परंतु त्याच्या जातीविषयी पुष्कळ सांगता येते. कोहळी हा वैनगंगेच्या खोऱ्यातील, भंडारा व चांदा या जुन्या जिल्ह्यांतील एक लहानसा शेतकरी समाज. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात 1911 च्या शिरगणतीप्रमाणे त्यांची संख्या अवघी सव्वीस हजारांच्या आसपास दिली आहे. एवढ्याशा समाजाचा उल्लेख त्या ग्रंथात गौरवाने यावा याचे कारण एकच, आणि ते म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठे तलाव हे मुख्यतः त्यांचे कर्तृत्व. ऊस हे त्यांचे आवडते पीक. आणि उसाला पाणी लागते.

हे लोक मूळचे कोठले, यावर मात्र एकमत नाही. त्यांची स्वतःची आख्यायिका अशी की, चांद्याचा कोणी गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील तळी पाहून मोहित झाला आणि परतताना त्याने हे कसबी लोक आपल्याबरोबर आणले. भंडाऱ्याकडील कोहळी आपली पहिली वस्ती लांजी येथे झाली असे सांगत. उलट त्यांची भाषा, चालीरीती व आडनावे पाहता ते मराठी मुलखातलेच असावेत, असे रसेलसाहेबांस वाटले. तर चांद्याचा जुना बंदोबस्त अधिकारी लूसी स्मिथ याला ते दक्षिणेकडून आले असावेत असे सांगणारे लोक भेटले होते. काशीची कथा आम्हांस फारशी पटत नाही. आपल्याकडे कोणतीही विद्या थोर ठरली की तिचा उगम काशीला नेऊन ठेवण्याची जुनी खोड आहे. धानाच्या मुलखात, सातशे पिढ्या चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला पाणी अडविण्याची युक्ती सुचू नये आणि ती गंगाकाठाहून आयात करावी लागावी, हे मानणे आम्हांला जड जाते. असो. त्या वादाचा निकाल लागल्यावाचूनही तलाव भरतातच.

आता ही विद्या होती तरी काय, ते जरा तपशिलाने पाहू. झाडीपट्टीत पाऊस कमी पडत नाही. अडचण पावसाच्या मापाची नाही, वेळेची आहे. धानाचे पीक आश्विनात निसवते, लोंबीत दूध भरते, आणि नेमका त्याच वेळी पाऊस पाठ फिरवितो. त्या पंधरा-वीस दिवसांत एक-दोन पाणी मिळाले तर कोठी भरते. न मिळाले तर हिरवे दिसणारे शेत पोचट निघते. तेव्हा श्रावण-भाद्रपदात जे पाणी उधळून वैनगंगेला जाते, त्यातले थोडे धरून ठेवायचे आणि आश्विनात सोडायचे, एवढाच काय तो कोहळ्याचा सिद्धान्त. ऐकायला सोपा, करायला फार कठीण.

कारण जागा चुकली की सर्व चुकले. मोजणीची यंत्रे नव्हती, नकाशे नव्हते. भर पावसात डोंगर उतरणारे पाणी कोठे वळते, कोठे थबकते, कोणत्या खिंडीतून निसटते, हे डोळ्यांनी पाहून ठेवायचे. दोन टेकड्या जेथे सर्वांत जवळ येतात तेथे पाळ घातली तर थोड्या मातीत अधिक पाणी राहते; मागे पसरट खोरे असेल तर आणखी उत्तम. चिकण मातीचा गाभा, त्यावर मुरमाची माती, पाण्याकडील अंगास दगड. मातीच्या पाळीला सर्वांत मोठे भय तिच्या माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचे; म्हणून जादा पाण्याला वाट द्यावयाचा सांडवा पाळीवर न ठेवता बाजूस, टणक जमिनीवर काढावयाचा. पाणी सोडण्याचे दार म्हणजे ‘तुडुम’. तेथून निघते ती नहर. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे आणखी खालच्या बोडीत, अशी माळच्या माळ ओवलेली असे. वरच्या तलावाने दगा दिला तर खालच्यांची खैर नाही, हे जाणूनच पाळीची निगा राखली जाई. नहरीवर ‘पाणकर’ असे. कोणाच्या बांधीला आज पाणी जाईल आणि कोणाच्या उद्या, हे तो ठरवी, आणि त्याचा मोबदला धानाच्या रूपाने त्याला मिळे.

या जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे जवळजवळ सात हजार तलाव आहेत. नवेगावचा बांध त्यांतला मोठा, म्हणून त्याच्या कर्त्याचे नाव राहिले. बाकीच्या शेकडो तलावांचे कर्ते निनावी झाले.

हे तलाव केवळ कोहळ्यांच्या हौसेने झाले असे मात्र कोणी समजू नये. विद्येला राज्याश्रय लागतो, तसा तो येथेही होता. चांद्याच्या गोंड राजवटीत जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास व तलाव बांधणाऱ्यास सनद देऊन जमीन तोडून देण्याची चाल होती. तलाव बांधून जेवढी जमीन ओलिताखाली येईल तेवढी त्या कर्त्याला साऱ्याच्या माफीने मिळे. तिला ‘तुकूम’ म्हणत. आज चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या किती जणांस आपल्या पत्त्यात एक जुना पाटबंधारे कायदा दडलेला आहे याची कल्पना असेल? राजाला कर बुडाल्यासारखा दिसे, परंतु गाव वसे, आणि वसलेल्या गावाचा महसूल पिढ्यान्‌पिढ्या येत राही. पैसा न खर्चता पाटबंधारे उभारण्याची याहून शहाणपणाची रीत आम्हांस तरी ठाऊक नाही. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. 1853 साली तोही इंग्रजांनी खालसा केला. त्यानंतर इंग्रजांनी जमाबंदी करून मालगुजारांस गावांचे मालक ठरविले. ज्या कोहळ्याने तलाव बांधला त्याचा नातू आता कागदोपत्री तलावाचा धनी झाला. तलावांस ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडले ते तेव्हापासून.

येथवर कोलू पाटलाची कथा गौरवाची झाली. आता थोडे दूर जाऊ, कारण दूर गेल्यावाचून जवळचे नीट दिसत नाही.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात एका हमरस्त्याच्या कोपऱ्यावर एक मोठे कारंजे आहे. 1 ऑगस्ट 1940 रोजी त्याचे लोकार्पण झाले. ते विल्यम मलहॉलंड नावाच्या अभियंत्याच्या स्मरणार्थ आहे. हा गृहस्थ 1855 साली बेलफास्ट येथे जन्मला, खलाशी होऊन अमेरिकेस गेला, आणि 1878 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या पाण्याच्या पाटावर गाळ काढणारा राखणदार म्हणून कामास लागला. आपल्याकडील पाणकरच म्हणा ना! ज्या ठिकाणी तो त्या वेळी झोपडीत राहत असे, त्याच परिसरात हे कारंजे उभारले आहे. पाठशाळेत अभियांत्रिकी न शिकता, रात्री पुस्तके वाचून तो त्या शहराच्या पाणीखात्याचा प्रमुख झाला. 1908 ते 1913 या पाच वर्षांत त्याने ओवेन्स नदीचे पाणी डोंगर व वाळवंट ओलांडून 233 मैलांच्या कालव्याने शहरात आणले. एक कोरडे गाव महानगर झाले ते त्या पाण्यावर.

परंतु ते पाणी कोणाचे होते? ओवेन्स खोऱ्यातील शेतकऱ्यांचे. शहराच्या हस्तकांनी त्या खोऱ्यातील जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेतले. खरेदीमागचा खरा हेतू विकणाऱ्यांतील पुष्कळांना ठाऊक नव्हता. नदी वळविल्यावर तिच्या शेवटी असलेले ओवेन्स सरोवर काही वर्षांतच आटले आणि त्याच्या तळाची खारी धूळ वाऱ्यावर उडू लागली. 1924 साली संतापलेल्या शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावला, 1927 साली पुनःपुन्हा लावला. आणि मग 12 मार्च 1928 ची रात्र आली. मलहॉलंडने बांधलेल्या सेंट फ्रान्सिस धरणास गळती लागल्याचे त्याच दिवशी सकाळी त्याच्या ध्यानी आणून दिले होते. त्याने जातीने पाहणी करून भय नाही असा निर्वाळा दिला. बारा तासांच्या आत धरण फुटले. चारशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत मळ्यांवर राबणारी मेक्सिकन कुटुंबे कितीतरी होती. चौकशीत त्याने दोष दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. तो आपल्या माथ्यावर घेतला व नोकरीतून बाजूस झाला. 1935 साली तो वारला, आणि मृत्यूनंतर पाच वर्षांनी शहराने त्याच्यासाठी कारंजे उडविले.

या कारंज्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. कोणी म्हणेल, कृतज्ञ शहराने आपल्या उपकारकर्त्याचे ऋण फेडले. कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या पाण्याचा तुषार उडवून शहराने आपले मन रिझविले. आमच्या मते दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच ते स्मारक बोलके आहे. कारण मलहॉलंडचा हिशेब कागदावर आहे. किती पाणी आणले, कोणाचे आणले, किती माणसे बुडाली, चौकशीत कोण काय म्हणाले, सर्व लिहिलेले आहे. कारंज्यासमोर उभा राहणारा माणूस हवे तर नमस्कार करू शकतो, हवे तर जाब विचारू शकतो.

कोलासुराला जाब विचारता येत नाही. देव केले की माणसाच्या दोषांची वही मिटते, आणि आमची खंत आहे ती हीच. कोलू पाटील मलहॉलंडसारखा होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणावयास काडीचाही आधार नाही. किंबहुना दोघांत मोठा भेद आहे. मलहॉलंडने पाणी दूर नेले, कोलूने ते जागच्या जागी धरले. ज्या डोंगरांवर पाऊस पडला त्याच डोंगरांच्या पायथ्याला धान पिकले. हा भेद लहान नव्हे. परंतु पाच चौरस मैलांचे पाणी जेथे पसरले तेथे त्यापूर्वी काय होते? रान होते, की कोणाची बांधी होती, कोणा गोंडाची चार घरे होती? पाळीवर मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या, आणि त्यांस मजुरी मिळाली की ती वेठ होती? पाळ पहिल्याच खेपेस टिकली काय?

या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित आख्यायिकेनेच देऊन ठेवले आहे. लोक असे मानतात की, सातबहिणी या देवतांनी कोलूला बांध घालण्यास साहाय्य केले. आता, काम सुरळीत चालले असेल तर देवतांना पाचारण करण्याची वेळ कशाला येते? जेथे लोकस्मृती दैवी साहाय्य सांगते तेथे मानवी प्रयत्न एकदा तरी हरलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. खिंड बुजत नसेल, पुराने भर वाहून नेली असेल, लोक कंटाळले असतील. आणखीही एक कल्पना मनात येते; ती केवळ कल्पना म्हणूनच सांगतो. डोक्यावर माती वाहणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात, हे आजही कोणत्याही रोजगार हमीच्या कामावर दिसते. त्यांची नावे राहिली नाहीत. परंतु बांध घालण्यास मदत करणाऱ्या सात बहिणी मात्र राहिल्या. देवतांच्या रूपाने का होईना, त्या पाळीवरच्या बायांची ही एकच खूण उरली असेल काय?

मालगुजारीच्या काळातील हिशेब त्या मानाने स्पष्ट आहे. तलाव मालगुजाराच्या नावे, आणि त्याच्या घरच्या शेतीला, विशेषतः उसाला, पाणी प्रथम. परंतु इंग्रजी बंदोबस्तात प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार झाला होता. त्यात गावाच्या वहिवाटी लिहिल्या होत्या. रयतेने तलावातून पाणी कसे घ्यावे, गुरांनी कोठे प्यावे, पाळीच्या दुरुस्तीस कोणी काय द्यावे, हे त्या कागदात सापडते. मालगुजार सर्व उदार होते असे नाही, परंतु पाळ फुटली तर त्याचाही ऊस बुडे. म्हणून दुरुस्ती होई. स्वार्थ आणि निगा एकाच दावणीला बांधलेल्या होत्या.

ती दावण 1951 साली सुटली. मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा 1950 चा कायदा 31 मार्च 1951 पासून अमलात आला आणि मालगुजारी संपली. ती संपली हे योग्यच झाले, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि एक विलक्षण पेच उत्पन्न झाला. सरकार म्हणे, तलाव आमचा, दुरुस्ती आमची, तेव्हा पाणीपट्टी द्या. शेतकरी म्हणे, हे पाणी आमच्या निस्ताराचे. आमच्या आज्यापणज्यांनी पाळ बांधली आणि वाजिब-उल-अर्जात आमचा हक्क लिहिलेला आहे. त्यावर पट्टी कसली? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच भांडण मिटेना. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही! 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. कागदोपत्री त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि लोकांनी आद्याक्षरे जोडून ‘मामा तलाव’ केले. मामाच्या घरी लाड होतात म्हणतात. या मामाचे मात्र भाच्यांनी आणि सरकारने मिळून हालच केले. गाळ साचला, तुडुमे मोडली, बुडीत क्षेत्रात धानाची अतिक्रमणे झाली, बेशरमाचे रान माजले, आणि पाणकर गेला. आमच्या मते या सर्व नुकसानीत पाणकर जाणे हे सर्वांत मोठे. पाळ पुन्हा बांधता येते. ज्याच्या शब्दाने वरच्या बांधीवाला आपले दार मिटून खालच्यास पाणी जाऊ देतो, असा माणूस अंदाजपत्रकात मंजूर करून घेता येत नाही.

मध्यंतरी याच तालुक्यात, अर्जुनी (मोरगाव) भागात, गाढवी नदीवर इटियाडोहचे मोठे धरण झाले. नवेगावच्या जंगलाला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि 2013 साली नागझिऱ्यासह तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. मराठी वाचकास नवेगावची ओळख झाली ती याच काळात, मारुती चितमपल्लींच्या लेखणीतून. वनाधिकारी म्हणून ते तेथे राहिले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. 2025 च्या जून महिन्यात ते निवर्तले. त्यांच्यामुळे पुण्यामुंबईचा वाचक या तलावाकडे पाखरांसाठी पाहू लागला. पाखरांवर आमचा मुळीच आकस नाही. सारसासारखा डौलदार पक्षी महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच तग धरून आहे, आणि तो तगला आहे तो या तलावांच्या व धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने. म्हणजे सारसाचे घरटेसुद्धा अखेर कोहळ्यांच्या पाळीच्या उपकारात आहे. परंतु प्रवासी येतो, पाणी पाहतो, पाखरे पाहतो, आणि हे सर्व रानाचेच देणे आहे असे समजून परत जातो. देव केल्याने कोलूचे दोष झाकले गेले म्हणून आम्ही तक्रार केली. अभयारण्य केल्याने तर त्याचे कामही झाकले गेले.

तलावावर जगणारा आणखी एक समाज आहे, त्यास या सबंध इतिहासात कोणी विचारलेच नाही. तो म्हणजे ढिवर. पाणी पाटलाचे, मालगुजाराचे की सरकारचे, या वादात त्याचा पक्ष कोठेच नव्हता. त्याचा संबंध पाण्याखालच्या वस्तूंशी. मासा, शिंगाडा, कमळाचे कंद. स्वातंत्र्योत्तर काळात ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या व त्यांनी तलाव ठेक्याने घेतले. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज बाहेरून आणून सोडण्याची पद्धत आली, आणि तलावातील मूळची मासळी व पाणवनस्पती मागे पडल्या. मग मासा का घटला, याचा विचार ढिवरांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने केला. अर्जुनी (मोरगाव) तालुक्यातील काही तलावांत त्यांनी बेशरम उपटून काढले, कोणती वनस्पती कोणत्या माशास अंडी घालण्यास व लपण्यास लागते ते वृद्धांना विचारून टिपून घेतले, आणि चिखलात उतरून त्या वनस्पतींची लावणी केली. हे काम करणाऱ्यांत ढिवर बाया पुढे होत्या. पिढीजात माहिती आहे हे ठाऊक असूनही ती कधी कोणी विचारली नव्हती. विचारल्यावर तिची यादीच्या यादी निघाली. ज्या तलावांत ही लावणी झाली तेथे मासळी वाढल्याचा अनुभव आला, आणि पाखरेही परतली.

लॉस एंजेलिसच्या कारंज्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. मलहॉलंडचे कारंजे धरण फुटल्यानंतर बारा वर्षांनी उभे राहिले. त्या रात्री बुडालेल्या माणसांसाठी राष्ट्रीय स्मारक उभारण्यास अमेरिकेच्या कायदेमंडळाने मंजुरी दिली आणि ती कायद्यात उतरली ती 12 मार्च 2019 रोजी, घटनेस बरोबर 91 वर्षे झाल्यावर. नवेगावच्या पाळीस आता तीनशे वर्षे झाली. शिखरावर कोलासुर आहे, सात डोंगरांस सात बहिणींचे नाव आहे. आश्विनात तुडुम उघडते, नहरीला पाणी सुटते, आणि खालच्या बांधीवाला फावडे घेऊन वरच्या बांधीच्या दाराशी उभा असतो.